पृथ्वी दोनच काटे फिरली

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सिद्ध करायला मी एकदा आख्खं गाव गोळा केलं आणि गावासमोर चुकीचं गणित मांडलं. नुसतं मांडलं असतं तरी चाललं असतं. गणित चुकतंय हे दिसायला लागल्यावरही मी ते सोडलं नाही. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत पृथ्वीनेच जरा घाई करावी म्हणून मनातल्या मनात तिला विनवत बसले. तेव्हा माझं वय वीस. ट्रेनिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि जगात आपल्याला न कळणारं काही शिल्लक आहे ही बातमी माझ्यापर्यंत पोचली नव्हती.

संपादकांनी पत्रात लिहिलंय की नोकरीतले अनुभव पाठवा. नेमणूक कुठे झाली, बदली कधी झाली, हे माझ्या नातवंडांनाही ऐकवत नाही, तुम्हाला कशाला ऐकवू? एकच प्रसंग सांगते. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तापीच्या काठाला, तळोद्याच्या अलीकडे ते अजून आहे, आणि तिथली माणसं भेटली की मला अजून विचारतात, ‘बाई, आते कितली फिरनी?’

साल नेमकं आठवत नाही. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. बोर्डाची मुलींची शाळा, म्हणजे चावडीमागची एक खोली, आणि मी एकटी बाई. माझं माहेर विसरवाडीच्या बाजूचं, घरी बोलणं सगळं अहिराणीत. पण ट्रेनिंग करून आल्यावर मी ‘आहे’, ‘नाही’, ‘असे म्हणतात’ असं पुस्तकी बोलायला लागले होते. आई म्हणायची, ही घरात असली की साहेब आल्यासारखं वाटतं.

त्या काळी मुलींच्या शाळेतल्या बाईचं काम काय असायचं ते बाहेरच्यांना कळत नाही. शिकवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. खरं काम मुली आणून बसवण्याचं. सकाळी मी दारोदार हिंडायचे, आणि प्रत्येक दारात मुलगी का येणार नाही याचं कारण तयार असायचं. एकीची म्हैस दुसऱ्या कुणाला दूध देत नसे. एकीच्या घरी कोंबडी खुडूक झाली होती आणि तिच्याशी बोलत बसायला माणूस हवं होतं. एका आईने मला सांगितलं होतं, मन्ही पोर हुशार शे, तिले शाळानी गरज नही. मी प्रत्येक कारणावर वाद घालायचे आणि चारांतून एक मुलगी घेऊन यायचे.

वरच्या वर्गात एकटीच होती, भागी. गावचे सुपडू पाटील यांची मुलगी. अजून एक वर्ष बसली असती तर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, परीक्षेला गेली असती, आणि त्या गावातून फायनलला बसलेली ती पहिली मुलगी ठरली असती. तिच्यावर मी मनात केवढे इमले बांधले होते. ती कमी बोलायची. पाटीवरचं गणित झालं की पाटी उलटी करून ठेवायची आणि माझं व्हायची वाट पाहायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस असताना मी वर्गात पृथ्वीचं फिरणं शिकवलं. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी मारते, आपणही तिच्याबरोबर फिरतो, आपल्या भागात तर तासाला जवळपास हजार मैलांच्या वेगाने. भागीने हे घरी जेवताना सांगितलं. तिची आजी, म्हणजे पाटलांची आई, घास हातात घेऊन ऐकत होती. तिने घास खाली ठेवला, खाटेवर जाऊन पडली, आणि खाटेचे दोन्ही गाते, म्हणजे बाजूचे लांब दांडे, घट्ट धरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सुपडू पाटील शाळेत आले. धिप्पाड माणूस, आवाज मात्र अगदी हळू. दारातच उभे राहिले.

‘‘बाई, तुम्हीन पोरीसले काय शिकाडतस?’’

मी सांगितलं.

‘‘मन्ही माय दोन दिनपशी खाट धरीसन पडेल शे. म्हनस, सोडी देवू त मी फेकाई जासू. भाकर खात नही. पोट हालस म्हनस.’’

मी म्हणाले, ‘‘पाटील, इतकी वर्षं पृथ्वी फिरतेच आहे. आजींना आजच कशी चक्कर आली?’’

‘‘आजपावत तिले कोनी सांगं नव्हतं,’’ पाटील म्हणाले.

मी हातातला खडू खाली ठेवला.

मग ते मुद्द्यावर आले. जी शाळा घरातल्या म्हातारीला चक्कर आणते तिथे मुलगी पाठवणार नाही. तसंही आखाजीनंतर भागीला घरी बसवायचा विचार होताच, एक स्थळ आलेलं होतं. मी हात जोडायला हवे होते, आजींना जाऊन भेटायला हवं होतं. त्याऐवजी मी पदर खोचला आणि म्हणाले, ‘‘पृथ्वी फिरते हे मी तुमच्या डोळ्यांना दाखवलं तर?’’

‘‘दखाडा. दखाडं त पोर वरीसभर शाळामा. नही दखाडं त उद्यापशी घर.’’

अशी ती पैज लागली. भागी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिचं वर्ष पैजेवर लावताना तिला विचारावं असं तिच्या बापालाही वाटलं नाही आणि मलाही नाही.

मी ते दोलकाने दाखवणार होते, म्हणून आता दोलकाबद्दल सांगते. फार अवघड नाही. उंचावरून एक जड वजन टांगायचं आणि झुलवायचं. एकदा ज्या रेषेत सोडलं त्याच रेषेत ते झुलत राहतं; कुणी बाजूने ढकललं नाही तर त्याला वळायचं काही कारण नसतं. खालची जमीन फिरत असली तर फिरो, वजनाला त्याचं सोयरसुतक नाही. पण आपण उभे असतो जमिनीवर, तिच्याबरोबर फिरत. म्हणून आपल्याला दिसतं असं, की झोकाच हळूहळू वळतोय. हे मी एका पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते दीड पान होतं. मी एक पान वाचलं आणि उरलेलं अर्धं पान आपलं आपल्याला कळेल असं समजून पुस्तक परत केलं.

उरलेलं मी स्वतः असं कळून घेतलं: पृथ्वी चोवीस तासांत पूर्ण फेरी मारते, तर सहा तासांत पाव फेरी. म्हणजे सकाळी सहाला दक्षिण-उत्तर झुलणारा दोलक दुपारी बाराला पूर्व-पश्चिम झुलणार. इतकं सरळ. पाटलांना मी तसंच सांगितलं, आणि पाटलांनी ते चावडीवर सगळ्यांना सांगितलं.

गावात उंच छप्पर एकाच ठिकाणी होतं, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात. हंगाम संपून जिन बंद पडलेलं, आत वर लोखंडी तुळई, खाली नुसती सरकी आणि चिमण्या. जिनाचा मिस्त्री करीमचाचा, नंदुरबारचा, घराण्यात तीन पिढ्या लोखंडाचं काम. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाई, दुनिया घूमती, ये तो ठीक. पर तुमको जल्दी क्या है?’’ मी भागीचं सांगितलं. मग तो शिडी घेऊन आला.

पहिला प्रयत्न मी विहिरीच्या दोराने केला. तुळईला दोर, दोराला कापूस तोलायचं लोखंडी वजन. तालीम बघायला दहा-पंधरा माणसं आली होती. वजन सोडलं आणि दोराचा पीळ उलगडायला लागला. वजन जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं. माणसं दोन पावलं मागे सरली. एक म्हातारा म्हणाला, ‘‘बाई सांगे त्यानापेक्षा भलतीच जोरात फिरस.’’ मग पीळ संपला आणि वजन उलट्या बाजूने फिरायला लागलं. ‘‘आते माघारी चालनी,’’ तो म्हणाला.

करीमचाचाने वजन हाताने थांबवलं. ‘‘रस्सी में बल रहता, बाई. ये तो रस्सी घूमी, दुनिया नहीं.’’ त्याने दोर काढून पोलादी तार लावली, तुळईशी एक अशी कडी बसवली की तार कोणत्याही बाजूला सारखीच झुकावी, आणि वजनाच्या पोटाला भोक पाडून एक खिळा बसवला. खाली आम्ही तापीच्या वाळूचं मोठं कडं केलं, म्हणजे दर झोक्याला खिळा वाळूत चीर पाडील. उत्तरेपासून पूर्वेपर्यंतच्या पाव वर्तुळाचे मी सहा सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाला बाभळीचा एक काटा रोवला. तासाला एक काटा. सहा तास, सहा काटे. शेवटचा काटा मी जरा मोठा निवडला होता.

दरम्यान गावात संशोधनाला जोर आला होता. पाटलांच्या सालदाराने निंबाच्या फांदीवरून उडी मारून पाहिली. जमीन खरंच हजार मैलांनी पळत असेल तर आपण अंगणाबाहेर पडू असा त्याचा हिशेब होता. तो निंबाखालीच पडला. मी त्याला समजावलं की चालत्या छकड्यात बसून लिंबू सरळ वर फेकलं तर ते परत आपल्याच हातात पडतं, मागे राहत नाही. कारण छकडा, आपण आणि लिंबू तिघांनाही एकच वेग असतो. निंब, तू आणि अंगण यांचंही तसंच.

त्याने विचार केला. ‘‘समदा संगेच पयी ऱ्हायनात त मन्हा पाय कसाले मुरगयना?’’

मी म्हणाले, तो खाली पडल्यामुळे. तो म्हणाला, मग एवढं शिकून काय फायदा.

पैजेच्या दिवशी उजाडता उजाडता जिनात बसायला जागा नव्हती. वारा येऊ नये म्हणून दारं लोटून घेतली होती, तरी आत तीनशे माणसांचा श्वास होता. आजींना चौघांनी खाटेसकट आणलं. त्यांनी गाते सोडले नव्हते. वर तार, तारेला वजन, हे त्यांनी नीट पाहिलं.

‘‘लोखंडले झोका देतस व माय? झोका त आखाजीले पोरीस्ना ऱ्हास.’’

वजन हाताने सोडलं तर नकळत बाजूला धक्का बसतो. म्हणून ते मागे ओढून सुताने खांबाला बांधायचं आणि सूत जाळायचं. करीमचाचाने काडी ओढली, सूत जळालं, वजन निघालं. आग दिसताच बायकांनी हात जोडले. मी ओरडून सांगितलं की हा देव नाही. कुणी ऐकलं नाही. वेग मंदावला की तासा-दीड तासाने ते ज्या रेषेत झुलत असेल त्याच रेषेत पुन्हा ओढून बांधावं लागे आणि पुन्हा सूत जाळावं लागे. दुसऱ्या वेळी कुणीतरी आधीच वजनाला हळदकुंकू लावलं होतं. तिसऱ्या वेळी गळ्यात झेंडूचा हार होता. हाराने वजनाला हवा जास्त लागते आणि झोका लवकर मंदावतो, हे मी भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगितलं. हार काढला तेव्हा एका बाईने मला विचारलं, तुम्ही कोणत्या देवाच्या.

पण हे सगळं नंतर. सातला पहिला तास भरला आणि मी वाळूकडे पाहिलं. खिळ्याची चीर उत्तरेपासून पूर्वेकडे सरकली होती. खरंच सरकली होती. माझ्या अंगावर काटा आला. खाली आपल्या पायाखालची जमीन फिरत होती आणि एक लोखंडाचा गोळा ते वाळूत लिहून दाखवत होता. असं काही डोळ्यांनी पाहायला मिळेल असं मला पुस्तक वाचतानाही वाटलं नव्हतं.

मग मी काट्याकडे पाहिलं. पहिल्या काट्यापर्यंत चीर पोचली नव्हती. अर्ध्यापर्यंतही नाही.

आठला पहिल्या काट्याच्या अलीकडेच. नऊला पहिला काटा जेमतेम ओलांडलेला. तोवर तिसऱ्यावर पाहिजे होती. भागी माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. तिने वितीने चिरा मोजल्या होत्या.

‘‘बाई,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘ते चुकत नाहीये. दर तासाला सारखंच सरकतंय. एवढंच सरकतंय.’’

या ठिकाणी मी जे बोलले तेही छापायला देते. मी म्हणाले, ‘‘सकाळी पृथ्वी जड असते. ऊन चढलं की वेग घेईल.’’

भागीने माझ्याकडे पाहिलं. पाटी उलटी करून ठेवताना ती जशी पाहायची, तसंच. मी तिला दटावलं, ‘‘जा, मागे बस.’’ ती गेली. एकतीस वर्षं नोकरी केली, पुष्कळ मुलींना पुष्कळदा रागावले, बहुतेक विसरले. हे एक दटावणं गेलं नाही. तिने बरोबर मोजलं होतं, आणि माझी अडचण एवढीच होती की ते तिने मोजलं होतं.

बारा वाजले. चीर दुसऱ्या काट्याच्या किंचित पुढे होती. सहापैकी दोन, आणि वर बोटभर. मोठा काटा पूर्वेला तसाच उभा, त्याच्याकडे खिळ्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सुपडू पाटलांनी वाकून काटे मोजले. एकदा उत्तरेकडून, एकदा पूर्वेकडून. मग मला विचारलं, ‘‘बाकीनी कथी गयी?’’

बसलेल्यांत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, झोका वळला म्हणजे पृथ्वी फिरते, बाई जिंकली. दुसरा म्हणाला, बाई सांगत होती तेवढा वळला नाही, बाई हरली. सालदार आपला पाय दाखवून म्हणत होता की त्याच्याही जबानीचा विचार व्हावा. करीमचाचाला विचारलं तर तो म्हणाला, तार मेरी सीधी है, हिसाब बाई का है.

पंच जिनाच्या ओट्यावर बसले. मी आयुष्यात पुढे पुष्कळ निवाडे ऐकले, जावयांचे, बांधांचे, विहिरींचे. पृथ्वीच्या फिरण्यावर पंच बसलेले तेवढेच. अर्ध्या घटकेत निकाल लागला. पाटलांनीच तो वाचल्यासारखा सांगितला.

‘‘पृथ्वी फिरस, हाई आम्हीन डोयानी दखं. पन बाई सांगतीस तितली फिरत नही. सहामाईन दोन काटा फिरनी. म्हनीसन पोर भी आठवडाना सहा दिनमाईन दोन दिन शाळामा जाई.’’

सगळ्यांना ते अगदी न्यायाचं वाटलं. माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनाही. आणि मी मान खाली घालून उभी होते. आठवड्याला दोन दिवस शाळेत येऊन कोणी फायनलला बसत नाही. दोन दिवसांचा एक होईल, एकाचा काहीच नाही, आणि आखाजीनंतर स्थळ होतंच. ते पाटलांनाही माहीत होतं.

खोलीवर आले. जेवले नाही. संध्याकाळी कुणीतरी दाराशी एक टरबूज ठेवून गेलं. तापीच्या पात्रात पाटलांची वाडी होती, त्यातलं, चांगलं गोल. कुणी ठेवलं ते मी विचारलं नाही. त्याला देठ होता. मी ते जमिनीवर देठ वर करून ठेवलं आणि रागाने एक गिरकी दिली.

त्यावर एक मुंगी होती, देठापाशी. टरबूज फिरलं तशी ती जागच्या जागी गरगर फिरली, भोवऱ्यासारखी. मला तालमीच्या वेळचा विहिरीचा दोर आठवला. आणखी एक मुंगी होती पोटाशी, जिथे टरबूज सगळ्यात रुंद असतं. तीही फिरत होती, पण जागच्या जागी नाही. तिला टरबूज गोल फिरवून आणत होतं. तिचं डोकं बाहेर भिंतीकडे, पाय टरबुजाला चिकटलेले. ती भोवऱ्यासारखी फिरत नव्हती, तर कोलांटी खात होती. मी टरबूज थांबवलं आणि पुन्हा फिरवलं. नऊ-दहा वेळा फिरवलं. शेजारीण डोकावून गेली आणि परत आली नाही.

देठ म्हणजे ध्रुव. पोट म्हणजे विषुववृत्त. पृथ्वीच्या ध्रुवावर उभा असलेला माणूस पूर्ण गिरकी खातो, म्हणून तिथे दोलकही चोवीस तासांत पूर्ण फेरी दाखवतो. पोटावर उभा असलेला माणूस नुसती कोलांटी खातो, गिरकी अजिबात नाही. तिथे दोलक महिनाभर झुलवा, एक रेघही वळणार नाही. आणि दोलकाला फक्त गिरकी कळते, कोलांटी कळत नाही. आपण ना ध्रुवावर ना पोटावर. आपल्याला थोडी गिरकी, बाकी कोलांटी. मी सहा तास बसून ध्रुवावरचं गणित तापीकाठी मांडलं होतं.

किती थोडी, तेही टरबुजातूनच निघालं. पाटीवर वर्तुळ काढलं, आपला अक्षांश, साडेएकवीस अंश, मोजून खूण केली, आणि ती खूण पोटाच्या पातळीपासून किती उंच आहे ते पाहिलं. पोटापासून देठाच्या पातळीपर्यंत सहा बोटं धरली, तर आपण येतो दोन बोटांच्या किंचित वर. दोन आणि किंचित. दोन काट्यांच्या किंचित पुढे.

मी पाटी खाली ठेवली. पृथ्वीने सकाळपासून एका तासाचीही चूक केलेली नव्हती. तेरा वर्षांची भागी बरोबर होती, वाळू बरोबर होती, करीमचाचाची तार बरोबर होती. सगळ्या जिनात चूक असलेली वस्तू एकच होती आणि ती नऊवारी नेसून पहिल्या रांगेत उभी होती.

सकाळी टरबूज काखेत मारून मी पाटलांच्या ओट्यावर गेले. रस्त्यात एकाने विचारलं, काय बाई, आज काय सिद्ध? पाटील बसलेले होते, शेजारी खाटेवर आजी. मी सगळं सांगितलं. पाटी दाखवली. टरबूज ओट्यावर फिरवलं. पाटलांनी स्वतःची बोटं लावून पोटापासून देठापर्यंतची उंची मोजली, मग माझ्या खुणेपर्यंतची. त्यांचं बोट माझ्यापेक्षा जाड होतं, तरी उत्तर तेच आलं. ते पुन्हा मोजायला लागले.

आजींनी मधेच विचारलं, ‘‘मन्हं डोकं गिरकीना मुये फिरनं, का कोलांटीना मुये?’’

मी म्हणाले, आपल्याकडे गिरकी कमीच आहे आजी, फार तर दोन बोटं.

‘‘मंग इतलामा काय पडनार नही मी,’’ त्या म्हणाल्या आणि दहा-बारा दिवसांनंतर पहिल्यांदा त्यांनी खाटेचे गाते सोडले. मग मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी सुरी मागितली आणि माझा पुरावा कापायला घेतला. तापीकाठ जिथे येत होता ती फाक त्यांनी स्वतः खाल्ली, ध्रुव मला दिला. ध्रुव पांढराच असतो, टरबुजाचाही.

पाटील अजून पाटीकडे पाहत होते.

‘‘म्हंजी पृथ्वी पूरी फिरस?’’

‘‘पूर्ण फिरते.’’

‘‘झोका बी बरोबर?’’

‘‘झोकाही बरोबर.’’

‘‘मंग चूक कोनी?’’

भागी दाराच्या आड उभी होती, मला तिची सावली दिसत होती. मला ते पुस्तकावर ढकलता आलं असतं, मिस्त्रीच्या तारेवर, वाऱ्यावर, हळदकुंकवावर. रात्रभर मी त्याचीही तालीम केलेली होती. पण टरबुजाच्या बिया ओट्यावर पडल्या होत्या, आजी शांतपणे खात होत्या, आणि खोटं सांगायला मला काही सुचेना.

‘‘माझी,’’ मी म्हणाले. ‘‘भागीने कालच सांगितलं होतं की दोलक दर तासाला सारखाच सरकतोय. मी तिला मागे बसवलं.’’

पाटलांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पाटी उचलून माझ्या हातात दिली. त्यांच्या त्या हळू आवाजात ते म्हणाले,

‘‘सोमवारपशी सहाई दिन धाडसू पोरले. पन गणित तिले तुम्हीन नका शिकाडू.’’